मानपाड्याची भांडणं, कल्याणचा शनिवार

डिसेंबरातल्या शनिवारची सकाळ. मानपाडा रोडवरून डोंबिवली स्टेशनकडे निघालेल्या शेअर रिक्षात मागच्या सीटवर आम्ही तिघं आहोत. डावीकडे काका, उजवीकडे त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई आणि मधे मी. दोघांच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल आहे, आणि दोन्ही फायलींत दावा एकच. काका वादी, बाई प्रतिवादी. काकांनीच मला बोलावलंय, "या, बघा एकदा आमची गंमत." बाई येऊन याच रिक्षात बसतील हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. गावदेवी मंदिरापाशी रिक्षा अडकते. काका डावीकडच्या दुकानांच्या पाट्या वाचतात, बाई उजवीकडच्या. स्टेशनला उतरल्यावर दोघंही आपापले सुट्टे देतात आणि कल्याण लोकलच्या दोन वेगवेगळ्या डब्यांकडे चालू लागतात.

भांडण ओलीचं आहे. काकांच्या बेडरूमच्या छताला ओल आली. त्यावरून जिन्यात शब्द वाढले, मानपाडा पोलीस ठाण्यात एनसी झाली आणि मग दावा. दाव्याला पाचवं वर्ष लागलंय. काका रेल्वेतून निवृत्त झालेत, बाई शाळेत शिकवतात. गेल्या तारखेला दोघांच्या वकिलांनी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली, 'प्रकरण लोकअदालतीत ठेवावे.' म्हणून आज ही वरात कल्याणला.

कोर्टाच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. भिंतीवर प्रकरणांच्या याद्या डकवल्यात आणि माणसं बोटानं आपलं नाव शोधतायत. कुणी पान चुकतं, कुणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. व्हरांड्यात बँकांची टेबलं, शेजारी महावितरणचं, पलीकडे फोन कंपन्यांची. ही सगळी 'दाखलपूर्व' म्हणजे अजून कोर्टात न पोचलेली प्रकरणं: थकलेली कर्जं, तटलेली बिलं. आतल्या दालनांत पॅनल बसलीत. एका पॅनलवर न्यायाधीश, सोबत एक वकील आणि एक समाजसेवक. एरवी जिथे उलटतपासणी चालते, त्या साक्षीदाराच्या कठड्यात आज कुणीतरी जेवणाचा डबा ठेवलाय.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," माझ्यापुढचे एक आजोबा यादीवरून बोट न काढता म्हणतात, "पण भांडण मिटवायलाही तीच चढायला लागते." देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मिळून चार कोटींच्या वर प्रकरणं पडून आहेत. आजोबांचं त्यातलं एक. त्यांना आपलं नाव सापडतं आणि ते चष्मा काढून पुसतात.

काकांचा पुकारा होतो. पॅनलवर न्यायाधीश मॅडम आहेत. दोन्ही वकील, काका, बाई आणि मागे भिंतीला टेकून सोसायटीचे सेक्रेटरी. "मी फक्त बघायला आलोय," असं ते कुणी न विचारता सांगतात.

"ओल नेमकी कुठे आहे?"

काका मोबाइल पुढे करतात. छताचा फोटो. तपकिरी कडांचा डाग, मधे सुटलेले पोपडे, एका बाजूला ट्यूबलाइटची पट्टी. मॅडम दोन बोटांनी फोटो मोठा करतात आणि पॅनलवरच्या वकिलांना दाखवतात.

"मॅडम, हा डाग माझ्या बाथरूमखाली नाहीच," बाई म्हणतात. "तो डक्टच्या बाजूला आहे. डक्टमधला पाइप सोसायटीचा."

"आणि ट्यूबलाइटच्या बाजूला काय आहे? तिथे डक्ट नाही, तिथे तुमचं न्हाणीघर आहे," काकांचा आवाज चढतो.

पॅनलवरचे वकील हात वर करतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची वाटणी केलेली आहे, ते सांगतात. संडास-बाथरूम, बेसिन यांतून होणारी गळती ज्या सभासदाची, त्यानं स्वखर्चानं थांबवायची. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीकडे. डाग दोन्हीकडे पसरलाय, त्यामुळे दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता आहे. इतकं बोलून ते भिंतीकडे बघतात. "सेक्रेटरी, तुम्ही जरा पुढे या."

सेक्रेटरी पुढे येतात. खिशातून घडी घातलेला कागद निघतो, कमिटीचा ठराव. बघायलाच आलेला माणूस ठराव खिशात घालून आलाय, हे पाहून बाई पहिल्यांदा हसतात. सोसायटी या दाव्यात पक्षकार नाही, म्हणून तडजोडीपुरतं तिला सामील करून घेण्याचा अर्ज वकील तिथेच हातानं लिहायला घेतात.

आता कलमं ठरतात. बाई आपल्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घेणार. सोसायटी डक्टमधला पाइप बदलणार. काका आपल्या छताचं प्लास्टर आणि रंग स्वतः करणार आणि नुकसानभरपाईची मागणी सोडणार. काकांच्या वकिलांना वाटतं, आधी इंजिनिअरकडून तपासून घ्यावं आणि ज्याची गळती निघेल त्यानं खर्च करावा. मॅडम मान हलवतात. "तसं लिहिलंत तर इंजिनिअर कुणाचा यावरून पुन्हा भांडाल. कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, एवढंच लिहा."

काका फाईल मिटतात, पुन्हा उघडतात. "म्हणजे चूक कुणाची हे ठरणारच नाही?"

"ठरवायचं असेल तर पुढची तारीख देते," मॅडम शांतपणे सांगतात. "कोर्ट कमिशनर नेमा, साक्षीपुरावा होऊ दे, निकाल लागेल. मग त्यावर अपील. तोपर्यंत छत तसंच."

काका बराच वेळ गप्प. हा माणूस पाच वर्षं एकाच वाक्यासाठी तारखांना येतोय, 'चूक वरच्या मजल्याची आहे.' ते वाक्य त्यांना इथे मिळणार नाही. छत मिळेल. "कोर्ट फी?" ते विचारतात. परत मिळेल, पॅनलवरचे वकील सांगतात. लोकअदालतीत मिटलेल्या दाव्याची कोर्ट फी परत देण्याची तरतूद कायद्यातच आहे. "पूर्ण?" पूर्ण. काका पेन मागतात. पेन बाईंच्या पर्समधून येतं.

सह्या होईपर्यंत मी व्हरांड्यात येतो. महावितरणच्या टेबलावर एक तरुण बंद पडलेल्या खोलीचं बिल घेऊन भांडतोय. त्याचं म्हणणं, भाडेकरू बिल न भरताच गेला. टेबलामागचा माणूस थकबाकीचा तक्ता त्याच्याकडे फिरवून व्याजाची ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करतो. ताणायचं ते त्या ओळीवर, हे दोघांनाही कळतं. पलीकडे एक गृहस्थ नोटीस फडकवत तावातावानं विचारतायत, माझं नाव यादीत का नाही? विधी स्वयंसेवक मुलगी नोटीस वाचते. "काका, ही ठाण्याची आहे. कोर्टनाक्याला जा."

"अहो, मी डोंबिवलीच्या मानपाड्यात राहतो!"

"कंपनीनं घोडबंदरचा मानपाडा धरलाय."

दोन मानपाडे, दोन न्यायालयं. घोडबंदर रोडवरच्या मानपाड्याची प्रकरणं ठाण्याला, डोंबिवलीतल्या मानपाड्याची कल्याणला. गृहस्थ घड्याळ बघतात आणि स्टेशनच्या दिशेनं धावत सुटतात.

एक तरुण जोडपं बिल्डरची कागदपत्रं घेऊन आलंय. फ्लॅटचा ताबा लांबलाय आणि कुणीतरी त्यांना सांगितलंय, लोकअदालतीत जा, लगेच निकाल. त्यांची तक्रार अजून कुठेच दाखल नाही आणि बिल्डरचं कुणी इथे आलेलंही नाही. तीच मुलगी त्यांना दुसरं दार दाखवते. महारेराचा सलोखा मंच २०१८ पासून चालू आहे. त्याच्या पीठावर एक प्रतिनिधी बिल्डरांच्या संघटनेचा असतो आणि एक ग्राहकांचा, म्हणजे मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचा. अर्ज ऑनलाइन. बिल्डरनं चर्चेला बसायला होकार द्यावा लागतो. नाही बसला तर महारेराकडे रीतसर तक्रार करण्याचा मार्ग मोकळा राहतोच. "मग होकार तो कशाला देईल?" नवरा विचारतो. "तक्रारीचा निकाल विरुद्ध गेला तर व्याज द्यावं लागतं ना," बायकोच उत्तर देते. करारपत्र तिनंच वाचलेलं दिसतंय.

मोटार अपघात दाव्यांच्या पॅनलसमोर सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात कमी आवाज. कल्याण-शीळ रस्त्यावर गेलेला टेम्पोचालक, वय ३८. समोर त्याची बायको, तिच्या मागे सासू, सासूच्या मांडीला टेकलेली दोन मुलं. विमा कंपनीच्या अधिकाऱ्यापुढे उघडा लॅपटॉप, शेजारी कंपनीचे वकील.

बाईंच्या वकिलांनी डायरीच्या मागच्या पानावर हिशेब मांडलाय आणि ते तो मला दाखवतात. महिना १५ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतला, स्वतःच्या धंद्यातला माणूस म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के जास्त: २ लाख ५२ हजार. मागे चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १ लाख ८९ हजार. वय ३८, गुणक १५: २८ लाख ३५ हजार. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सरला वर्मा प्रकरणात घालून दिला, ४० टक्क्यांचा नियम २०१७ च्या प्रणय सेठी निकालातला. त्यावर अंत्यसंस्कार, सहवास यांची ठरीव रक्कम आणि दावा दाखल झाल्यापासूनचं तीन वर्षांचं व्याज. आकडा ३५ लाखांच्या पुढे जातो.

कंपनीच्या वकिलांचा मुद्दा एकच: १५ हजारांचा पुरावा काय? टेम्पोवाल्याकडे पगारपत्रक नसतं. ते महिना १० हजार धरतात आणि त्याच गणितानं १८ लाख ९० हजारांवर येतात. देऊ केलेली रक्कम, "सगळं धरून" २० लाख.

न्यायाधीश दोन्ही हिशेब शेजारी ठेवतात. "डिझेलच्या पावत्या आहेत? हप्त्याचं पासबुक?" पासबुक आहे. टेम्पोचा हप्ता दर महिन्याला गेलाय, एकही चुकला नाही. "महिन्याला १० हजार कमावणारा एवढा हप्ता भरून चार माणसं कशी पोसेल?" अधिकारी उठून बाहेर जातो, फोन लावतो. वरून मंजुरी लागते. आत येऊन २३ म्हणतो. बाईंचे वकील ३० वर. पुन्हा फोन. शेवटी आकडा २७ लाखांवर थांबतो आणि सगळे त्या बाईंकडे बघतात.

वकील तिला हळू आवाजात समजावतात. कोर्टात लढलो तर जास्त मिळू शकेल. पण कंपनी हायकोर्टात गेली तर रकमेचा काही भाग तिथे अडकेल, किती वर्षं ते सांगता येत नाही. ती ऐकते, सासूकडे वळते. सासू मुलांकडे बघते. "शाळेची फी थकलीय," ती म्हणते. मग पॅनलला विचारते, "पोरांच्या नावचे पैसे मधे काढता येतील का?"

मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहील, न्यायाधीश सांगतात. शिक्षणासाठी लागले तर अर्ज करायचा. सासूचा हिस्सा सासूच्या खात्यात, तुमचा तुमच्या. तीन वाटण्यांचे आकडे ते मोठ्यानं वाचतात, दोनदा. त्यांना ते दोनदा वाचावंसं वाटतं, इतकंच माझ्या लक्षात राहतं. पुढच्या पाच प्रकरणांची माणसं दारात उभी आहेत आणि तरी कुणी घाई करत नाही.

२७ लाख हा आकडा न्याय आहे का? ३५ पेक्षा तो कमी आहेच. कंपनीनं स्वतः धरलेल्या १८ लाख ९० हजारांवर ठरीव रक्कम आणि व्याज चढवलं तरी बेरीज २७ च्या जवळपास पोचते. म्हणजे पासबुकानं जिंकून दिलेली वाढ त्या बाईनं घाईच्या बदल्यात सोडली. तिला घाई का आहे हे कंपनीला माहीत आहे, आणि सौद्यात हीच गोष्ट तिच्या विरुद्ध जाते. पण फीची तारीख तिच्या दारात आहे, कंपनीच्या नाही. आपल्या गरजेची किंमत तिनं स्वतः ठरवली आहे. तो हक्क तिचाच.

जेवणाच्या सुट्टीत एक ज्येष्ठ वकील बाकावर डबा उघडतात. त्यांच्याकडे इतिहास तोंडपाठ असतो. गोतसभेपुढे वाद चाले तेव्हा हरलेल्याकडून यजितखत लिहून घ्यायचे, ते सांगतात: आपण हरलो, पुन्हा या गोष्टीवर भांडणार नाही. आज सही दोघं करतात आणि हरल्याचं कुणी लिहून देत नाही. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात पंचायतीची पद्धत होता होईल तो राखावी असं सुचवलं, तरी मुलखात आली ती इंग्रजी न्यायालयं आणि त्यांच्या मागून सावकारांचे हुकूमनामे. १८७५ ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. १८७९ च्या कायद्यात सरकारला पुन्हा समेट करणारे नेमावे लागले. त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, यांच्या पुढाकारानं लवाद कोर्ट चाललं. आजच्या लोकअदालतीची सुरुवात १९८२ च्या मार्चमध्ये गुजरातेत, तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या उन्याला झाली. कायदा १९८७ चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. गावातलं भांडण गावात मिटवायला आर. आर. पाटलांनी २००७ च्या १५ ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम काढली.

"पण जुनं ते सगळंच सोनं नव्हतं," डबा बंद करता करता ते म्हणतात. जातपंचायतीही 'मिटवत'च होत्या, आणि जो मान तुकवत नसे त्याला वाळीत टाकत. म्हणून महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. नाही म्हणायची सोय नसेल तर ती तडजोड कसली, हे त्यांचं मत.

दुपारी चेक बाउन्सचं पॅनल. डोंबिवली एमआयडीसीतला एक लेथवाला आणि त्याच्याकडून सुटे भाग घेणारा व्यापारी. ४ लाखांचा चेक परत आला, कलम १३८ ची फिर्याद झाली. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. व्यापारी ते जाणतो. लेथवाला हेही जाणतो की तुरुंगात गेलेल्या माणसाकडून पैसे येत नाहीत. १ लाख आज, उरलेले सहा हप्त्यांत. आजचे पैसे मोबाइलवरून पाठवायचे ठरतं आणि नेमकं दालनात नेटवर्क नाही. दोघं हातात हात घातल्यासारखे खिडकीकडे जातात. उरलेल्या हप्त्यांसाठी व्यापारी पुढच्या तारखांचे सहा चेक फाडून देतो. चेकवरचं भांडण चेकनंच मिटतंय, हे लेथवाल्याच्या वकिलांना काही पटत नाही. ते एक ओळ घालायला लावतात: एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह एकदम देय. ही ओळ महत्त्वाची. फिर्याद फौजदारी असली तरी लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे हप्ता चुकला तर नवा दावा नको, सरळ वसुलीची दरखास्त.

लेथवाल्याचं आणखी एक बिल एका कंपनीकडे अडकलंय, तेही मोठं. तो वकिलांना विचारतो, त्याचा दावा कधी लावायचा? आधी मध्यस्थीचा अर्ज, वकील सांगतात. तीन लाख किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात २०२२ मध्ये हे पक्कं झालं, आणि ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो.

शेवटच्या पॅनलवर पुन्हा मॅडम. सकाळचेच चेहरे, आवाज बसलेले. समोर दोन भाऊ आणि त्यांची थोरली बहीण. डोंबिवलीच्या कडेची वडिलोपार्जित जमीन, आता बिल्डरकडे विकसनाला दिलेली. भावांना बहिणीचं हक्कसोडपत्र हवंय. बदल्यात ५ लाख.

"बाय, सही कर ना आता," धाकटा म्हणतो. "घरचं घरात मिटू दे."

"माहेर तुटलं तर पैसे काय चाटायचेत?" थोरला पुटपुटतो. ते सगळ्यांना ऐकू जातं.

बहिणीच्या वकील विधी सेवेनं दिलेल्या आहेत. बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे या बहिणीला तलाठी कार्यालयाच्या रांगेत एका अनोळखी बाईनं सांगितलं. वकील उठून थोडक्यात मांडतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला, २००५ साली देशानं. वडील २००५ आधी वारले या कारणावरून तो नाकारता येत नाही, हे २०२० च्या विनीता शर्मा निकालानं सांगितलं. बिल्डरकडून येणाऱ्या फ्लॅटमध्ये तिचा वाटा काय, ते ५ लाखांच्या शेजारी ठेवून बघा.

"ताई," मॅडम थेट बहिणीकडे वळतात. "तुमच्या मनात काय आहे? भावांकडे बघू नका, माझ्याकडे बघून सांगा."

"यांचं म्हणणं आहे, भाऊबीज चालू राहील," ती म्हणते.

"ते वेगळं."

"तेच म्हणते मी. भाऊबीजेचा हिशेब यात धरायचा नाही." ती पदर खांद्यावर नीट करते. "मला मंजूर नाही."

थोरला तोंड उघडतो. मॅडम हात वर करतात. पॅनलला निकाल द्यायचा अधिकार नाही, फक्त समेट घडवायचा. एकानं नाही म्हटलं की विषय संपला. त्या कागदावर एक ओळ लिहितात, तडजोड झाली नाही, आणि प्रकरण परत नेहमीच्या कोर्टात, जानेवारीतल्या तारखेवर जातं. इथे जे बोलणं झालं ते तिथे कुणाच्या विरुद्ध वापरलं जाणार नाही. बहीण फाईल छातीशी धरून बाहेर येते. तिला विचारावंसं वाटतं, आता? ती आपणहून म्हणते, "लढीन. कोर्ट बंद थोडंच झालंय."

दिवसभरातलं सर्वांत शहाणं वाक्य मला तिचं वाटतं. तडजोडीला किंमत येते ती मागे कोर्ट उभं असतं म्हणून. काकांना पुढची तारीख घेता आली असती, टेम्पोवाल्याच्या बायकोला ३५ साठी लढता आलं असतं. ही वाट खुली आहे हे माहीत असूनही त्यांनी सही केली, म्हणून ती सही त्यांची. ज्याला ती वाट दिसतच नाही त्याच्याकडून घेतलेली सही मात्र गावकीच्या दबावाहून वेगळी नसते, मग वर कितीही मोठा बॅनर लावा.

तुमचंही काही पडून असेल तर राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा, साधारण दर तीन महिन्यांनी एका शनिवारी भरते. एरवीही तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो, त्याला फी नाही. हेल्पलाइनचा नंबर १५१००. जाण्याआधी घरी बसून एक आकडा ठरवा, त्याच्या खाली उतरायचं नाही असा. तडजोडनाम्यात रक्कम, शेवटची तारीख आणि चुकल्यास काय, या तीन गोष्टी आहेत का ते बघा. नसतील तर लिहायला लावा. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून घ्या, मागे कितीही माणसं उभी असली तरी. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. वाचायची संधी सहीच्या आधीच असते.